नमुना आधी, माल मागून

"माल पाठवाले दोनच गोष्टी लागते," वामनराव म्हणायचे, "पत्ता अन् धीर. पत्ता मी टाकतो, धीर तुमी धरा."

दिग्रसच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात वामनरावांनी उभी हयात रवानगीच्या टेबलावर काढली होती. हे वाक्य त्यांनी ऐकवलं नाही असा कापसाचा व्यापारी पंचक्रोशीत सापडणं कठीण. दाबलेली रुईची गाठ ट्रकवर चढायची, दारव्ह्याला छोट्या आगगाडीत बसायची, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत, मुंबईला बोटीत आणि तिथून विलायतेला. एवढ्या प्रवासात वामनरावांची एक गाठ कधी हरवली नव्हती. जळाली होती, भिजली होती, एक तर दारव्ह्याच्या फलाटावर एका रेड्यानं शिंगानं फाडली होती. पण हरवली? नाव नको. हे ते स्वतः सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत.

जन्मभर ज्या दिशेला गाठी धाडल्या, त्याच दिशेला त्यांची एकुलती एक मुलगीही गेली. जावई पंजाबराव मँचेस्टरला कापडाच्या गिरणीत इंजिनेर होते. लग्न झालं, जया विलायतेला गेली, त्याच साली बायको विमलताई वामनरावांना सोडून देवाघरी गेल्या आणि लगोलग कारखान्यानं वामनरावांच्या गळ्यात निवृत्तीचा हार घालून त्यांना घरी धाडलं. तीन खोल्यांच्या घरात एक माणूस आणि एक भिंतीवरचं घड्याळ उरलं. घड्याळ तेवढं बोलायचं, तेही किल्ली दिली तर.

अशात धोंड्याचा महिना आला. त्या वर्षी आषाढ अधिक होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे घालायचे, वर तुपाचा दिवा लावून जावयाला द्यायचे, अशी रीत. जयाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. विमलताई जाताना दागिन्यांचं बोलल्या नाहीत, शेताचं बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरीचा पह्यला धोंडा चुकवू नका हं." वामनरावांनी मान डोलावली होती. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द म्हणजे सही केलेली पावती, ती फिरवता येत नाही.

त्यांनी चैत्रातच जयाला लिहिलं, दोघं या. जयाचं उत्तर आलं: "बाबा, विमानानं यायला परवडत नाही आणि बोटीनं यायला यांची रजा पुरत नाही. पुढच्या वेळी नक्की."

वामनरावांना राग यायला पाहिजे होता. पण उत्तर बिनतोड होतं. लवकर पाहिजे असेल तर पैसे सोडा, पैसे राखायचे असतील तर वाट पाहा. तिसरा रस्ता ब्रह्मदेवानंही काढलेला नाही, हे त्यांनीच व्यापाऱ्यांना शिकवलं होतं. स्वतःचीच शिकवण स्वतःच्या लेकीनं टपालानं परत पाठवली. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तसं रोजच कोणाशी बोलणं व्हायचं नाही, पण ते दोन दिवस मुद्दाम बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या इंदूबाई ताकाचा गडवा घेऊन आल्या, तर वामनराव ओसरीत उभे, चेहरा उजळलेला.

"वयनी, जावई येत नसन तर धोंडाच तिकडे गेला पाह्यजे."

"मँचेस्टरले?" इंदूबाईंनी गडवा खाली ठेवला. "भाऊजी, तेथ पोचस्तोवर अनारश्याचे दगड होतीन."

"तळलेल्याचे होतीन. पन पिठाचं काय? अनारश्याचं पीठ जुनं झालं तर बिघडते का सुधरते?"

इंदूबाई विचारात पडल्या. तांदूळ तीन दिवस भिजवून, सुकवून, कुटून, गुळात मळलेलं ते पीठ डब्यात महिनोन्‌महिने राहतं आणि जितकं मुरतं तितकी अनारशाला जाळी सुंदर पडते, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. वामनरावांनाही ते विमलताईंमुळे माहीत होतं.

"सुधरते," त्या म्हणाल्या.

"मंग झालं तर! विमानाचे पैसे कायले घालाचे? बोट हळू जाते, पीठ हळू मुरते. बोटीचा उशीर आपन कामाले लावला, वयनी. अक्षय तृतीयेले पेटी निघन, धोंडा लागाच्या आधी पोचन. ताजी-ताजी जया तळन."

आपल्या अकलेवर वामनराव इतके खूश झाले की ताक प्यायचं राहून गेलं.

पुढचे दिवस त्या घराला सणाचे गेले. इंदूबाई तांदूळ कुटत होत्या, सुतार देवदाराची पेटी ठोकत होता, वामनराव दोघांच्या मध्ये सूचना देत फिरत होते. पिठाचा डबा, खसखशीची पुडी, तांब्याचं ताट, विमलताईंचं पितळी निरांजन, पंजाबरावांना धोतरजोडी. मँचेस्टरच्या थंडीत धोतर कोण नेसणार, असं सुतारानं विचारलं. "आतून नेसन," वामनराव म्हणाले. खरं सांगायचं तर पेटी दोन दिवसांत तयार झाली असती. वामनरावांनीच ती तीनदा उघडून पुन्हा भरायला लावली. ठोकाठोकी थांबली की घर पुन्हा पूर्वीसारखं होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी पत्ता. कारखान्यातून त्यांनी जुना काळ्या रंगाचा डबा आणि पत्र्याची कापलेली अक्षरं मागून आणली आणि गाठीवर मारायचे तसा झोकात छाप मारला. पेटीच्या चारी बाजूंनी वीतभर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत "वामनराव, दिग्रस, इंडिया". खाली कोपऱ्यात, कुंचल्याच्या शेपटानं, जयाचा पत्ता.

"पोरीचा पत्ता एवढासा काहून?" इंदूबाईंनी विचारलं.

"वयनी, हे धंद्याची गोष्ट हाय. माल कोनाचा हाय हे पेटीवर दिसाले पाह्यजे. कोठी चालला हे कागदात असते."

ज्याची गाठ कधी हरवली नाही त्याच्याशी वाद कोण घालणार? पेटी दारव्ह्यामार्गे मुंबईला गेली. तिथल्या ओळखीच्या दलालानं बोटीवर चढवल्याचं कळवलं. वामनराव गावभर सांगत सुटले.

सांगता सांगता पोस्टातही गेले. पोस्टमास्तर नानाजी हे त्यांचे मित्र. मित्र म्हणजे दोघंही एकमेकांचं म्हणणं कधी मान्य करत नसत, पण रोज भेटत. नानाजींना वर्तमानपत्र पाठ असायचं.

"कोन्या रस्त्यानं गेली म्हंता बोट?"

"कोन्या म्हंजे? सुएझच्या कालव्यातून. दुसरा रस्ता हाय का?"

नानाजींनी शिक्का खाली ठेवला. "वामनराव, तो कालवा दोन सालापासून बंद हाय ना. तिकडे लढाई झाल्ती. आता बोटी आफ्रिकेले वळसा मारून जाते."

वामनरावांनी ही बातमी वाचली नव्हती असं नाही. वाचली होती, हळहळले होते, वर्तमानपत्र घडी करून रद्दीत टाकलं होतं. पण त्यांच्या डोक्यातली बोट मात्र तीस वर्षं गेली तशीच कालव्यातून जात होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे धोंड्यात पोचत नाई?"

"धोंड्यात? दसऱ्यात पोचली तरी नारळ फोडा."

त्या संध्याकाळी वामनराव जेवले नाहीत. भिंतीवरच्या विमलताईंच्या फोटोकडे पाठ करून बसले. एरवी ते त्या फोटोशी दोन शब्द बोलायचे. त्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटली. एवढा एकच शब्द दिला होता, तोही आफ्रिकेला वळसा घालत होता.

पण रवानगीचा माणूस तो! सकाळी उठले ते उपाय घेऊनच. कापसाच्या धंद्यात गाठी बोटीनं जातात, पण त्यांच्या आधी मूठभर रुईचा नमुना जलद डाकेनं व्यापाऱ्याकडे जातो. नमुना पोचला की सौदा झाला असं धरतात. माल सावकाश आला तरी कोणी तक्रार करत नाही. मग धोंड्याला हा नियम का नको?

"वयनी, तळा. एक अनारसा विमानानं जाईन. बाकीचे बोटीनं येऊन राह्यलेच हाय."

"धोंड्याचा नमुना?" इंदूबाई पदराआड हसल्या. "देवाले चालते का असं?"

"देव काय, जावयाले चाललं म्हंजे देवाले चालते."

धोंडा लागला त्या आठवड्यात इंदूबाईंनी मागे ठेवलेल्या पिठाचे डबाभर अनारसे तळले, कारण एक अनारसा कढईत एकटा तळणं त्यांना जिवावर आलं. वामनराव डबा घेऊन पोस्टात गेले. आतला सगळ्यात देखणा अनारसा त्यांनी विमानाच्या निळ्या पाकिटात घातला आणि नानाजींच्या काट्यावर ठेवला. नानाजींनी भाव सांगितला. वामनराव दोन पावलं मागे सरकले.

"एका अनारश्याचे?"

"विमानाचं टपाल हाय, बैलबंडी नाई. वजन थोडंसं वर चाललं. थोडं कमी केलं तर खालच्या भावात बसते."

वामनरावांनी अनारसा बाहेर काढला आणि नखानं खसखस खरवडली. काटा हलला नाही. त्यांनी कडेचा एक तुकडा मोडला. तुकडा टाकायचा कुठे? तोंडात टाकला.

"अजून," नानाजी म्हणाले.

दुसरा तुकडा वामनरावांनी नानाजींच्या हातावर ठेवला. सरकारी कामात लाच न घेणाऱ्या नानाजींनी तो वजन कमी करण्यापुरता खाल्ला. "अजून. पन अनारसा झ्याक झाला बॉ."

तिसऱ्या वेळी अनारशाचा मधूनच तुकडा पडला. तो बाद. दुसरा अनारसा निघाला. त्याच्या कडा मोडून मागे मनिऑर्डरीसाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातावर गेल्या. त्यानं डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ल्या. झालं! त्याच्या मागच्यानं विचारलं, "कायचा परसाद हाय?" म्हाताऱ्यानं सांगितलं, "धोंड्याचा." त्याच्या मागचा रांगेतून निघून बाजारात गेला आणि चार जणांना घेऊन आला.

पुसद-दारव्हा बसचा कंडक्टर बाबूसिंग टपालाची थैली घ्यायला आला तेव्हा पोस्टाची रांग पिंपळाच्या पारापर्यंत गेली होती. "पोस्टात परसाद वाटून राह्यले" एवढं ऐकून त्यानं बस थांबवली आणि उतारूंनाही खाली उतरवलं. परसाद सोडून पुढे जाणं बरं नाही. वामनराव ओरडत होते, "अरे बाबाहो, हा परसाद नाई, हे वजन हाय!" पण हात जोडून पुढे केलेल्या ओंजळीला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इतकी माणसं एकाच वेळी त्यांच्याकडे तोंड करून कितीतरी महिन्यांत उभी राहिली नव्हती. थोड्या वेळानं त्यांचं ओरडणं थांबलं आणि ते सवाष्णींना दोन-दोन देऊ लागले.

डबा रिकामा झाला. काट्यावर उरला एक अर्धा अनारसा, चंद्रकोरीसारखा. तो अचूक खालच्या भावात बसला. नानाजींनी तिकिटं लावली, बाबूसिंगनं थैली उचलली, बस गेली, रांग पांगली. वामनराव रिकामा डबा काखेत मारून घरी आले आणि दारात उभ्या राहिलेल्या इंदूबाईंना एवढंच म्हणाले, "नमुना गेला."

धोंड्याचा शेवटचा दिवस. ताट आफ्रिकेच्या टोकाला, जावई मँचेस्टरात, अनारसे दिग्रसकरांच्या पोटात. वामनरावांनी स्टीलच्या ताटलीत पणती लावली. समोर पाट मांडला. पाटावर कोणी नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपण रीत पाळतो आहोत एवढं समाधान पुरेल. ते पुरलं नाही. लेकीची आठवण इतकी आली की त्यांनी तो रिकामा पाट हातानं पुसला. मोठ्यानं ते म्हणाले, "जया, ये वं माय, बस." आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

मग पत्र आलं. जयानं लिहिलं होतं, पाकीट उघडलं तर आत तेलकट भुगा निघाला. आधी कळेना काय आहे ते, मग वास आला आणि रडू आलं. महिना सरायच्या आत पोचला बरं का, बाबा. भुगा बशीत काढला, शेजारी मेणबत्ती लावली, यांना पाटाऐवजी खुर्चीवर बसवलं आणि यांनी तो चमच्यानं खाल्ला. खाली पंजाबरावांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: "नमुना पसंत. माल पाठवा."

वामनराव ते पत्र घेऊन कारखान्यापासून पोस्टापर्यंत हिंडले. "ऑर्डर आली," ते सांगत. नानाजींनी पहिल्यांदाच काही हरकत घेतली नाही.

पण माल पोचेना. दसरा गेला. जया प्रत्येक पत्रात विचारायची, पेटी कुठवर आली? वामनराव उत्तरात बोटीचा अंदाज लिहायचे, वाऱ्यावर आणि लाटांवर खापर फोडायचे. त्यांनी मुंबईला विचारलं. दलालानं कळवलं की पेटी विलायतेच्या धक्क्यावर उतरली, पुढचं ठाऊक नाही. दिवाळी गेली. जयाचं पत्र आलं, त्यात पेटीचा विषयच नव्हता. वामनरावांना ते पत्र फार छोटं वाटलं. पेटी येणार नाही हे त्यांनाही मनातून कळलं होतं, पण ते मान्य केलं तर लेकीला लिहायला उरणार काय? इकडचं रोजचं सांगावं तर रोजचं काही घडत नव्हतं. म्हणून ते पेटीचंच लिहीत राहिले. ज्याची गाठ कधी हरवली नाही असा माणूस आता पारावरून जाताना मान खाली घालून जायचा.

थंडी पडली. कापसाच्या बंड्यांची कारखान्यासमोर रांग लागायला लागली. अशाच एका सकाळी दारव्ह्याची बस थेट वामनरावांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि बाबूसिंग ओरडला, "काकाजी, तुमचा माल आला!"

"कोठून?"

"दारव्हा टेसनातून. फुकट नाई हं, धोंड्याचा परसाद पाह्यजे."

टपावरून पेटी उतरली. तीच ती, देवदाराची. कडा घासल्या होत्या, एक फळी नवी ठोकली होती, आणि सगळ्या अंगावर विलायती शिक्के, चिठ्ठ्या, जांभळ्या पेन्सिलीच्या रेघा. खालच्या कोपऱ्यातला जयाचा पत्ता खाऱ्या पाण्यानं पुसून गेला होता. वर मात्र, चारी बाजूंनी, वीतभर उंच, ठसठशीत: वामनराव, दिग्रस, इंडिया.

नानाजी पोस्ट सोडून धावत आले होते. त्यांनी चष्मा लावून पेटीला प्रदक्षिणा घातली आणि सगळा उलगडा केला. तिकडे कागद एकीकडे गेले, पेटी एकीकडे. धक्क्यावरच्या साहेबानं पेटी पाहिली. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय तोच पत्ता, दुसरं काय? चुकून इकडे आलेली दिसते म्हणून त्यानं मोठ्या इमानानं ती पुढच्या बोटीत चढवली. पुन्हा आफ्रिकेला वळसा, पुन्हा मुंबई, पुन्हा छोटी गाडी.

"पाहा," इंदूबाई म्हणाल्या, "मी म्हनलंतं."

वामनराव पायरीवर बसले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते म्हणाले, "हरवली तर नाई ना?"

पेटी उघडली. ताट काळवंडलं होतं, धोतरजोडीला समुद्राचा वास येत होता, निरांजन होतं तसं होतं. इंदूबाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण काढून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि भुवया वर केल्या. लगेच कढई चढली. तो अनारसा काय वर्णावा! दोनदा आफ्रिका पाहिलेलं पीठ. फुलाच्या पाकळीसारखी जाळी. बाबूसिंगनं बस उभी ठेवून पाच खाल्ले. उतारूंनीही खाल्ले. एवढा फिरून परत आलेला माल इतका चांगला झालेला कोणी पाहिला नव्हता.

मग बस गेली. इंदूबाई भांडी घासायला घेऊन गेल्या. पायरीवर नानाजी आणि वामनराव उरले, मध्ये तांब्याचं ताट, त्यात एक अनारसा.

"वामनराव, काही म्हना," नानाजी म्हणाले, "विलायतेले गेलेलं या घरात वापस आलं, हे पह्यलंच."

वामनराव हसले नाहीत. ते पेटीवरच्या त्या काळ्या, वीतभर अक्षरांकडे पाहत राहिले. त्यांनी "दिग्रस"वरून हात फिरवला. रंग बोटाला लागला नाही, इतका पक्का होता.

"नानाजी," ते म्हणाले, "पोरगी निघाली तवा मले हे ध्यानातच नाई आलं. तिच्यावरही दिग्रस असंच मोठ्या अक्षरात लिहाले पाह्यजे होतं."

नानाजींनी ताटातला अनारसा उचलला, मधोमध मोडला आणि मोठा अर्धा वामनरावांच्या हातावर ठेवला.